महापेचे सर्व्हर आणि कपाटातला लॅपटॉप

[दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता, संध्याकाळ. ऐरोलीहून महापेकडे जाणारी वाहनं.]

ऐरोलीहून बेलापूरच्या दिशेला निघालं की डाव्या हाताला एमआयडीसी सुरू होते. एकेकाळी इथे नजर जाईल तिकडे कारखानेच होते. आता रबाळे, महापे भागात अधूनमधून मोठाल्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. बाहेर जनरेटर, छतावर वातानुकूलन यंत्रांच्या रांगा. ही डेटा सेंटरं. आत रात्रंदिवस सर्व्हर, म्हणजे वेबसाइट आणि अॅप चालवणारे संगणक, चालू असतात.

जगातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, पण फुकट. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने जे लिहायला घेतलं, ते आज हजारो लोक मिळून पुढे नेतात. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातले सर्वांत वेगवान ५०० संगणक एकूण एक लिनक्सवर आहेत. अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही तेच आहे.

मग याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना, ठाण्यात आणि बेलापुरात, घरोघरी चांगले लॅपटॉप कपाटात का पडून आहेत?

[दृश्य: नौपाडा. संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान. काउंटरवर उघडलेला लॅपटॉप.]

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे २०१५ सालचा लॅपटॉप कितीही धडधाकट असला तरी त्या यादीत बसत नाही. दुकानदार म्हणतो, "नवीन घ्या." भंगारवाला किलोवर मोजतो. आम्हाला हे पटत नाही. कीबोर्ड चालतोय, पडदा स्वच्छ आहे, मुलांना अभ्यासाला आणि आजोबांना पेपर वाचायला एवढं यंत्र पुष्कळ आहे.

अशा यंत्रासाठी आमची पसंती लिनक्स मिंट, म्हणजे घरगुती वापरासाठी तयार केलेलं लिनक्स. त्याची २२वी मालिका एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट देते. रॅम ४ जीबी असेल तर त्यातली एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की पडणारा फरक तुम्हाला कुणी सांगावा लागणार नाही.

[दृश्य: पेनड्राइव्ह लावला जातो. पडद्यावर मिंटचा डेस्कटॉप.]

आणि घाई करू नका. मिंट पेनड्राइव्हवर उतरवा, लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. एक संध्याकाळ त्यावर काढा. वायफाय लागतंय का? आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतंय का? घरचा प्रिंटर छापतोय का? काही जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची वायफाय चिप असते, ती सुरुवातीला गप्प बसते. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडा, टिथरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, घ्या. सगळं मनासारखं झालं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती तिथून उघडून पाहा. डिस्क पुसल्यावर मागे वळता येत नाही.

हिशेबाचं काम टॅलीवर असेल, डीटीपीचा धंदा कोरल ड्रॉ किंवा श्रीलिपीवर असेल, तर ते यंत्र बदलू नका. ही सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोजसाठी बनलेली आहेत. ओढूनताणून लिनक्सवर चालवण्यात धंद्याचा वेळ जातो.

[दृश्य: कीबोर्डवर बोटं. लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकूर.]

आता मराठीचं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी मिळते. सरकारी कचेरीत इनस्क्रिप्टवर टाइप केलेल्यांची बोटं इथे अडत नाहीत, कारण मांडणी तीच आहे. ध्वनीनुसार टाइप करणाऱ्यांसाठी 'कगप' मांडणी आहे. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिससारख्याच पण फुकट सॉफ्टवेअरमध्ये, आणखी एक गोष्ट आवर्जून करा: भाषेच्या सेटिंगमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा. हिंदी वळणाचे ल आणि श बघून ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी तर नक्कीच. फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असतील तर ती लगेच उमटतात. लग्नपत्रिका असो की सोसायटीची नोटीस, आपली अक्षरं आपल्यासारखी दिसली पाहिजेत.

[दृश्य: काळ्या पडद्यावर धावत्या ओळी.]

फुकट आणि उघडं म्हणजे असुरक्षित, अशी शंका हमखास येते. म्हणून मार्च २०२४ची घटना नीट सांगायला हवी.

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं काम करणारा प्रोग्रामर. दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. तो खणत गेला, तेव्हा एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास कमावला होता आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हे घुसवलं होतं. डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंही होतं. स्थिर आवृत्त्या वाचल्या. म्हणून घरच्या यंत्रावर नेहमी दीर्घ आधाराची, स्थिर आवृत्तीच ठेवा. नव्याच्या हौसेसाठी पेनड्राइव्ह आहे.

पण आम्हाला अस्वस्थ करते ती दुसरी बाजू. ते साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, लास्से कोलिन, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. जगभरच्या सर्व्हरांत बसलेलं साधन, आणि त्यामागे थकलेला एकटा माणूस. मदतीला आला तो नेमका फसवायला आलेला. या सॉफ्टवेअरला हात कमी पडतात, आणि ते हात आपल्यापैकीच कुणाचे तरी असायला हवेत.

[दृश्य: ठाण्यातलं घर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला वही.]

त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. लिब्रेऑफिसचे मराठी मेनू स्वयंसेवकांनी भाषांतरित केलेले आहेत. एखादा शब्द खटकला तर प्रकल्पाच्या वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर खातं उघडा, तो शब्द शोधा आणि तुमचा पर्याय सुचवा. मराठी शिकवणारे, मुद्रितशोधन करणारे, निवृत्त कारकून, सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे. मंजूर झालेला शब्द पुढच्या एखाद्या आवृत्तीत सगळ्यांच्या मेनूत दिसेल.