अबोली शर्ट आणि सक्तीचा रायटर

नमस्कार मंडळी. दरवर्षी मे महिन्यात आम्ही सिंगापूरहून साताऱ्याला येतो, आंबे खातो, लग्नं करतो आणि परत जातो. यावेळी इथल्या रेडिओवाल्यांनी मला पकडलं आणि म्हणाले की तुमच्या मुलाने तिकडे पोलिसात दोन वर्षं काढली, त्यावर पंधरा मिनिटं बोला. मी म्हटलं पंधरा मिनिटं तर मला सासूबाईंच्या शर्टाच्या गोष्टीलाच लागतात. सासूबाईंचा शर्ट म्हणजे त्यांनी पाहिलेला शर्ट, तो पुढे येईलच.

आधी थोडं समजून घ्या. सिंगापूरमध्ये मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला दोन वर्षं देशाला द्यावी लागतात. त्याला तिकडे सगळे एनएस म्हणतात, नॅशनल सर्व्हिस. देश स्वतंत्र झाला १९६५ साली, हा कायदा आला १९६७ साली. चिमुकला देश, स्वतःचं सैन्य जवळजवळ नाहीच, मग पोरांनाच उभं केलं. आणि हे फक्त नागरिकांना नाही हं, आमच्यासारखे कायम वास्तव्याचा परवाना घेतलेले जे लोक असतात त्यांच्यात आईबापांना सूट, पण मुलाला नाही. परवाना आम्ही घेतला आणि केस त्याचे कापले गेले.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ही इकडे कुणाला पटकन पटत नाही. एनएस म्हणजे फक्त आर्मी नाही. सैन्यदल, पोलीस आणि सिव्हिल डिफेन्स, म्हणजे आग विझवणारे आणि अँब्युलन्सवाले, या तीन ठिकाणी पोरं जातात आणि कुठे जायचं ते पोरगं ठरवत नाही, सरकार ठरवतं. पोलिसात पूर्णवेळ एनएस १९७५ पासून आहे. परत सांगते, त्याने अर्ज केला नव्हता, भरतीला पळाला नव्हता, छाती मोजली नव्हती, पत्र आलं आणि तो पोलीस झाला. इकडे पोलीस भरतीसाठी पहाटे चारला रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं बघते ना मी, पायात धड बूट नसतात, तेव्हा मला माझ्याच पोराचा थोडा राग येतो, कारण हा पत्र आल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसला होता. असो.

तर सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात होम टीम अकादमी आहे, पोलिसांना शिकवतात ती, तिथे काही महिने ट्रेनिंग झालं. कायदा शिकवतात, पळवतात, आणि मुख्य म्हणजे स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करायला लावतात. माझं तर मत आहे की बाकी काही नसलं तरी एवढ्यासाठी एनएस असावी. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलालासुद्धा आई रुमाल घडी करून देते.

मग पोस्टिंग. कुणी गस्तीवर जातं, कुणी एमआरटी म्हणजे मेट्रोच्या स्टेशनवर, कुणी कोस्ट गार्डच्या बोटीवर, आणि काही पोरं लागतात तपासाच्या टेबलाला. आमचं रत्न तिकडे लागलं. आता तपास म्हणजे भिंग घेऊन फिरणं असं डोक्यात असेल तर काढून टाका. जो मुख्य तपास करतो त्याला तिकडे आयओ म्हणतात, आपला तपासी अंमलदार. एकोणीस वर्षांचं पोरगं त्याच्या हाताखाली. कागद लाव, मुद्देमालाला चिठ्ठी लाव, फोन करून साक्षीदाराला बोलव, आणि कॅमेऱ्याचं फुटेज बघ. तिकडे बिल्डिंगच्या लिफ्टपाशी, जिन्यापाशी पोलिसांचे कॅमेरे २०१२ पासून लावत आलेत, २०२१ पर्यंत देशभरात जवळजवळ ९०,००० झाले होते. म्हणजे एक सायकल चोरीला गेली तरी कुणीतरी बसून तासन् तास लिफ्टचं दार उघडताना आणि बंद होताना बघायचं असतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात धाकटं असतं, जसं आपल्याकडे पाहुणे आले की पाणी देणारं.

सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे रायटर झालाय की!" आमचे सासरे हवालदार होते आणि बरीच वर्षं पोलीस ठाण्यात रायटर होते. म्हणजे साहेब बोलणार आणि हे लिहिणार, जबाब, पंचनामा, सगळं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आजकाल अक्षराचं कुणाला काही पडलेलं नाही, शाळेत टॅब देतात आणि सही करायची वेळ आली की पोरांच्या हाताला कंप सुटतो, पण तो विषय वेगळा आहे.

तर आता गोष्ट.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. तिकडे सरकारी बिल्डिंगच्या खाली मोकळी जागा असते, खांबच खांब, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या बाकावर रोज सकाळी सहा वाजता त्या जपाची माळ घेऊन बसायच्या. जप चालू आणि नजर सगळीकडे. एक दिवस त्यांच्यासमोर एका माणसाने शेजारच्या चिनी आजोबांची सायकल कुलूप खटपट करून काढली आणि नेली. यांना वाटलं त्याचीच असेल. दुपारी आजोबा सायकल शोधत फिरायला लागले तेव्हा यांची ट्यूब पेटली.

दोन दिवसांनी पोलीस घरी आले. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तेच आले. एक आयओ बाई, मलय, डोक्याला स्कार्फ, एकदम शांत. आणि बरोबर एक चिनी पोरगं, गडद निळा युनिफॉर्म, गालावर पुटकुळ्या, एनएसवालाच. माझा मुलगा तेव्हा दुसऱ्याच डिव्हिजनला होता, ड्युटीवर, आणि बघा, तो तिकडे दुसऱ्या कुणाच्या तरी आजीसमोर बसलेला आणि आमच्या आजीसमोर दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा.

दुभाषा फोनवर, हिंदीचा, कारण मराठीचा त्या वेळेला मिळाला नाही. मी म्हटलं मी आहे की. आयओ बाई म्हणाल्या नाही, तुम्ही घरच्या, तुम्ही बसा पण मध्ये बोलायचं नाही. मी! मध्ये बोलायचं नाही!

सासूबाईंनी आधी लाडू आणले. बेसनाचे. पोराने हात जोडले, ड्युटीवर चालत नाही म्हणाला. "अगं याला सांग, आजीच्या हातचा लाडू म्हणजे लाच नसते." मी गप्प, मला बोलायचं नाही ना. वाटी टेबलावर तशीच राहिली आणि त्या पोराची नजर अधूनमधून वाटीवर.

जबाब सुरू झाला. बाई विचारतायत, फोनमधून हिंदी, सासूबाईंचं सातारी हिंदी, परत फोन, आणि पोरगं हाताने लिहितंय. माणूस किती उंच, टोपी होती का, वगैरे सगळं नीट. मग विचारलं शर्ट कुठल्या रंगाचा. सासूबाई म्हणाल्या, "अबोली."

फोनमध्ये शांतता.

"अबोली मतलब?" तो म्हणाला. "अबोली मतलब अबोली," या म्हणाल्या. आता हिंदी दुभाष्याला काय माहीत, त्याला वाटलं असेल की बाई बोलत नाहीयेत. मग म्हणाला, गुलाबी? "गुलाबी नहीं!" मग नारंगी? "नारंगी कैसा होएगा, नारंगी अलग, अबोली अलग." पोराने एक शब्द लिहिला, खोडला, दुसरा लिहिला, परत खोडला. आणि मी तिथे बसून पदर चावतेय, कारण मला माहितीये अबोली म्हणजे काय, आणि मला बोलायला बंदी!

आयओ बाईंनी दुभाष्यामार्फत समजावलं की आजी, हे महत्त्वाचं आहे, त्या वेळेला कॅमेऱ्यात दोन माणसं गेलेली दिसतायत, एक गुलाबीसारखा आणि एक नारिंगीसारखा. सासूबाई उठल्या. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज, बॅगेची चेन, आणि पाच मिनिटांनी ब्लाउजपीस घेऊन आल्या. नारायणपेठच्या साडीतलं, खास अबोली. ते त्यांनी पोराच्या कागदावरच पसरलं. "हा. हा रंग. लिही."

पोरगं बघतच राहिलं. मग बाईंनी ब्लाउजपीसचा फोटो घेतला आणि त्या पोराला सांगितलं, त्या जो शब्द म्हणतायत तोच लिही आणि पुढे लिही की साक्षीदाराने कापड दाखवलं. त्याने दोनदा विचारून, एकेक अक्षर जुळवत, इंग्रजी लिपीत अबोली लिहिलं. म्हणजे सिंगापूर पोलिसांच्या कुठल्यातरी फाइलमध्ये आज आमची अबोली आहे!

पण खरी मजा पुढे आहे. जबाब वाचून दाखवला, हिंदीत समजावला, आणि पोराने पेन पुढे केलं, सही करा. सासूबाईंनी हात मागे घेतला.

"सही नाही करणार."

का? "फिर्यादीवर सही असते. साक्षीदाराच्या जबाबावर पोलीस सही घेत नसतात. आमच्या ह्यांनी मला पन्नास वेळा सांगितलंय." आणि हे अगदी बरोबर आहे बरं का! आपल्याकडे तपासात साक्षीदाराने पोलिसाला दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही असं कायद्यात लिहिलंय, जुन्या कायद्यात कलम १६२ आणि नव्यात १८१. पोलिसाच्या कागदाला साक्षीदार बांधला जाऊ नये म्हणून. तिकडे उलटं. तिकडे जबाब लिहायचा, वाचून दाखवायचा, इंग्रजी येत नसेल तर भाषेत सांगायचा आणि सही घ्यायची. लक्षात घ्या, इकडे सही घ्यायची नाही, तिकडे सही घ्यायचीच.

त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आजी सही नाही म्हणाली तर काय करायचं हे बहुतेक ट्रेनिंगमध्ये आलं नव्हतं. आयओ बाई मात्र हसल्या. त्यांनी विचारलं आजोबा पोलीस होते का. होते म्हटल्यावर म्हणाल्या की आमचा दंडविधान तुमच्याकडूनच आलाय. सासूबाईंनी लगेच परीक्षा घेतली. "मग चोरीचं कलम काय सांगा?" पोराने सांगितलं ३७९. "बरोबर. आणि खून?" ३०२. "आणि फसवणूक?" तर पोरगं म्हणतं ४२०, आणि सासूबाई खुर्चीत मागे टेकून हसायला लागल्या, "अगं, यांच्याकडेसुद्धा चारसोबीसच!"

मला हे खरंच माहीत नव्हतं. इंग्रजांनी १८६० साली आपल्यासाठी केलेला दंडविधानच थोडाफार फिरवून १८७२ पासून तिकडे लागू केला, आकडे बरेचसे तेच राहिले. आणि गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून आपण नवीन कायदा आणला, आता इकडे फसवणूक ३१८ आणि खून १०३. म्हणजे चारसोबीस हा शब्द आपला आणि कलम ४२० मात्र आता सिंगापूरला जिवंत. मला विचाराल तर आकडे बदलायला नको होते, ३१८ म्हणून कुणाला शिवी देता येते का?

तर आकडे जुळल्यावर सासूबाईंचा विश्वास बसला. पेन घेतलं. सही केली, संपूर्ण नाव, सासऱ्यांच्या नावासकट, देवनागरीत, वरची रेघ शेवटी एका झटक्यात. पोरगं ती रेघ बघत होतं. त्याने विचारलं की ही वरची रेघ नावाचाच भाग आहे का. "रेघ नसेल तर अक्षरं पडतील खाली," सासूबाई म्हणाल्या, आणि दुभाष्याने हे इमानदारीत भाषांतर करून सांगितलं.

सायकलीचं पुढे काय झालं, तर आम्हाला कुणी सांगितलं नाही, तिकडे सांगत नाहीत. रात्री मुलगा घरी आला, आजी गोष्ट सांगायला लागली तर त्याने दोन्ही कान धरले, "आजी, ही केस माझी नाही, मला काही सांगू नकोस." तिने तरी सांगितलीच. तो एवढंच म्हणाला की अक्षर कसं होतं त्याचं? "तुझ्यापेक्षा बरं," ती म्हणाली.

आता थोडंसं राहिलंय ते पटकन सांगते कारण काचेपलीकडून बोटं दाखवतायत. लोक मला विचारतात की एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात तपास देतात का. तर नाही. प्रश्न आयओ विचारतो, पोरगं मदतनीस. आणि कायदाच असा आहे की आरोपीने पोलिसाला दिलेला जबाब कोर्टात चालायचा तर घेणारा निदान सार्जंट तरी पाहिजे, त्याच्या खालचा चालत नाही. आपल्याकडे तर, काही खास कायदे सोडले तर, पोलिसापुढचा कबुलीजबाब कितीही मोठ्या साहेबाने घेतला तरी चालत नाही. दुसरा प्रश्न, सगळ्या देशांत असं असतं का? कोरियात होतं, पोरांना सक्तीने पोलिसात घालायचे, पण ते जास्त करून मोर्चे अडवायला उभे करत, आणि २०२३ मध्ये तिथली शेवटची तुकडी घरी गेली. सिंगापूरमध्ये चालू आहे. दोन वर्षं संपली तरी सुटका नाही, अधूनमधून बोलावणं येतं, साधारण चाळिशीपर्यंत.

शेवटच्या दिवसाला तिकडे ओआरडी म्हणतात, पोरं ओआरडी लो म्हणून ओरडतात. आमचा घरी आला, गणवेश काढून ठेवला आणि सोळा तास झोपला. उठल्यावर आजीला व्हिडिओ कॉल केला तर तिचा पहिला प्रश्न, "एकूण किती जबाब लिहिलेस?" तो म्हणाला मोजले नाहीत. "आजोबा मोजायचे," ती म्हणाली, आणि मग दोघंही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, हा तिकडे, ती इकडे.

सासूबाई आत्ता घरी हे ऐकत बसल्यात, रेडिओ कानाशी लावून. मी घरात शिरले की पहिलं ऐकवणार आहेत की ब्लाउजपीस नारायणपेठचं नव्हतं, इरकलचं होतं. तर तेवढी दुरुस्ती मीच करून टाकते, वाचून दाखवल्यासारखं. इरकल. नमस्कार.