पट्टा सरकतो तेव्हा

(दृश्य : अंधारी प्रयोगशाळा. जाड पोलादी टेबल. लाल लेझरचा किरण तिरप्या काचेवर पडून दुभंगतो, दोन आरशांवरून परत येतो. पडद्यावर तांबडे-काळे पट्टे.)

पडद्यावरचे हे पट्टे अगदी स्थिर दिसताहेत. आता किरणाच्या वाटेखाली, किरणाला न लावता, नुसता तळहात धरू या.

(दृश्य : तळहात किरणाखाली येतो. पट्टे वाकतात, वर सरकतात.)

आरशाला कुणी हात लावलेला नाही. टेबलालाही धक्का लागलेला नाही. तळहाताच्या उबेने वरची बोटभर हवा तापली, जराशी विरळ झाली, आणि त्या विरळ हवेतून जाणारा प्रकाश किंचित लवकर पोचला. हा फरक प्रकाशाच्या एका लाटेच्या लांबीएवढाही नसेल, पण पडद्यावर तो डोळ्यांना सरळ दिसतो. हात बाजूला घेतला की पट्टे हळूहळू पूर्वीच्या जागी येतात.

या मांडणीला इंटरफेरोमीटर म्हणतात. मधली तिरपी काच अर्धा प्रकाश आरपार जाऊ देते आणि अर्धा बाजूला वळवते. एकाच किरणाचे असे दोन भाग होतात, ते दोन वेगळ्या वाटांनी जातात, आपापल्या आरशावर आपटून परततात आणि त्याच काचेपाशी पुन्हा एकत्र येतात. जिथे एका लाटेच्या माथ्यावर दुसऱ्या लाटेचा माथा येतो तिथे उजेड. जिथे माथ्यावर खळगा येतो तिथे प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. या लाल प्रकाशाची लाट ६३२.८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब असते आणि ती एका सेकंदात सुमारे ४७४ लाख कोटी वेळा वरखाली होते. नेहमीच्या वापरातला कुठलाही संवेदक हा वेग पकडू शकत नाही. उजेडाचं विजेत रूपांतर करणारे चांगले वेगवान संवेदक, म्हणजे फोटोडायोडसुद्धा सेकंदाला काही हजार कोटी बदल टिपतात, त्यापुढे त्यांची मजल जात नाही. त्यामुळे डोळा असो, कॅमेरा असो की फोटोडायोड, प्रत्येकाला फक्त सरासरी उजेड कळतो. लाट या क्षणी माथ्यावर आहे की खळग्यात, म्हणजे तिची फेज काय, हे कुणालाच थेट दिसत नाही. आणि अंतराची सगळी बारीक माहिती नेमकी त्या फेजमध्ये दडलेली असते. लाटेला तिच्याच जुळ्या लाटेशी भिडवलं, की दोघींच्या फेजमधला फरक उजेड-अंधाराच्या रूपात बाहेर येतो. उजेड मोजणं मात्र संवेदकाला उत्तम जमतं.

म्हणजे इंटरफेरोमीटर फक्त फरक सांगतो. कशापासूनचा फरक, हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. या तंत्राची ताकद आणि त्याचा सगळ्यांत मोठा धोका, दोन्ही याच एका गोष्टीत आहेत.

(दृश्य : आरशामागचा स्क्रू अगदी हळू फिरतो. पडद्यावर एकामागून एक पट्टे सरकत जातात.)

आरसा प्रकाशाच्या दिशेने सरकवला तर प्रकाशाची वाट जाताना आणि येताना, अशी दोनदा बदलते. म्हणून आरसा अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ३१६ नॅनोमीटर सरकला की पडद्यावर एक अख्खा पट्टा पुढे जातो. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. तेवढ्या जाडीत असे दोनशेहून जास्त पट्टे मोजता येतात.

ही मांडणी घडवली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी. १८८१ साली त्यांनी आपलं उपकरण बर्लिनमध्ये उभं केलं, तर शहराच्या हादऱ्यांनी पट्टे दिसेचनात. रात्रीही ते अधूनमधूनच दिसत. शेवटी सगळं सामान पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावं लागलं. तिथेही वेधशाळेपासून सुमारे शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला तरी पट्टे पार नाहीसे होत, असं त्यांनी आपल्या निबंधात लिहून ठेवलं आहे. उपकरण इतकं हळवं होतं, की ते नेमकं काय मोजतंय हेच ठरवणं अवघड होऊन बसलं.

सहा वर्षांनी, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मॉर्ली यांच्या साथीने त्यांनी यावर तोड काढली. जवळजवळ दीड मीटर लांबी-रुंदीची दगडी लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली आणि आरसे त्या लादीवर बसवले. प्रकाश आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून त्याची वाट सुमारे अकरा मीटर केली. प्रकाश ज्या ईथरमधून जातो असं तेव्हा मानलं जाई, त्या ईथरातून पृथ्वी धावते आहे का, हे पाहायचं होतं. तशी ती धावत असती तर लादी फिरवताना पट्टा ०.४ इतका सरकायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकाही सरकला नाही, आणि ईथरची कल्पनाच डळमळली. विज्ञानात न हललेल्या गोष्टीने इतकी उलथापालथ केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच मायकेलसन यांनी १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथे जाऊन प्रमाण मीटरचा दांडा कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या लाटांनी मोजला. उत्तर आलं १५,५३,१६३.५ लाटा. १९६० साली धातूचा दांडा बाजूला पडला आणि मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ च्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी अशी झाली. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. पण व्याख्या कागदावर असते. ती कारखान्यातल्या ठोकळ्यापर्यंत पोचवायची तर आजही लेझर आणि पट्टेच कामाला येतात.

(दृश्य : पडद्याच्या जागी फोटोडायोड. शेजारी ऑसिलोस्कोपवर वरखाली होणारी रेघ.)

पट्टे डोळ्यांनी मोजायचे दिवस आता गेले. पडद्याच्या जागी फोटोडायोड बसवला की पट्टा सरकताना त्यातला विद्युतप्रवाह वाढतो आणि घटतो, आणि ऑसिलोस्कोपवर अशी गुळगुळीत लाट उमटते. या लाटेकडे जरा निरखून पाहू. ती चढावर किंवा उतारावर असते तेव्हा आरसा नॅनोमीटरभर हलला तरी प्रवाह ठळकपणे बदलतो. तीच लाट अगदी माथ्यावर असेल तर तेवढ्याच हालचालीने प्रवाह जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे तिथे उपकरण आंधळं झालं. आणि माथ्यावरून लाट उतरायला लागली तर आरसा पुढे जातोय म्हणून उतरली की तो थांबून मागे फिरला म्हणून, हे नुसत्या या रेघेवरून कळायला मार्ग नाही.

यावरचा उपाय इतका देखणा आहे की तो सावकाश पाहायला हवा. प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लाटेच्या कंपनाची दिशा, वापरून त्याच पट्ट्यांचे दोन संकेत मिळवतात, एकमेकांपेक्षा पाव लाटेने मागेपुढे. एक माथ्यावर असतो तेव्हा दुसरा चढाच्या मध्यावर. दोघे एकाच वेळी आंधळे कधीच होत नाहीत.

(दृश्य : ऑसिलोस्कोपवर आता रेघेऐवजी एक ठिपका. तो वर्तुळात फिरतो.)

आता एक संकेत आडव्या अक्षावर घेऊ आणि दुसरा उभ्या. ठिपका वर्तुळात फिरतो. एक फेरा म्हणजे ३१६ नॅनोमीटर. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला तर आरसा पुढे, उलट फिरला तर मागे. फेऱ्याचा कोन वाचला की पट्ट्याचा हजारावा भागसुद्धा हाती येतो. पण हे वर्तुळ क्वचितच खरोखर गोल असतं. एक संकेत थोडा जोरकस असतो, दुसऱ्यात भटका उजेड मिसळलेला असतो, मग वर्तुळाचं अंड होतं आणि प्रत्येक फेऱ्याला तीच चूक पुन्हा पुन्हा मापात शिरते. ते अंड गणिताने पुन्हा गोल करून घेणं हा या कामातला रोजचा भाग आहे.

चिप बनवणाऱ्या यंत्रांत सिलिकॉनची चकती अशाच मापांच्या आधाराने नॅनोमीटरच्या अचूकतेने सरकवली जाते. तिथे बहुधा दोन किंचित वेगळ्या वारंवारतेचे किरण वापरतात. ते एकत्र आले की उजेडच सेकंदाला लाखो वेळा धडधडू लागतो, आणि त्या धडधडीची फेज मोजली की दिवा मंदावला तरी माप बिघडत नाही.

हवा मात्र कुणालाच सोडत नाही. तापमान एक अंशाने बदललं की हवेचा अपवर्तनांक, म्हणजे हवेत प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा, साधारण दहा लाखांत एक भाग बदलतो, म्हणजे एका मीटरमागे एक मायक्रॉनची चूक. सुरुवातीला तळहाताने जे झालं तेच इथे दिवसभर, न सांगता चालू असतं. म्हणून अचूक मापनात लेझरइतकंच लक्ष तापमापक, दाबमापक आणि आर्द्रतामापक यांच्याकडे द्यावं लागतं. ज्यांना तेही पुरत नाही ते प्रकाशाची वाटच निर्वात करून टाकतात.

(दृश्य : मोठ्या अंतर्गोल आरशाचं रेखाचित्र. त्याच्यासमोर छोटं तपासणी उपकरण.)

आता धोक्याकडे वळू. तराजू दोन पारड्यांतला फरक कितीही बारीक दाखवो, वजनच खोटं असेल तर माप खोटंच येणार. हबल दुर्बिणीच्या २.४ मीटरच्या आरशाचं नेमकं हेच झालं. आरशाचा आकार इंटरफेरोमीटरने तपासला जात होता, आणि अपेक्षित आकाराचा नमुना पुरवायला दोन छोटे आरसे आणि एक भिंग असलेलं उपकरण मध्ये बसवलं होतं. त्यातलं भिंग किती अंतरावर हवं, हे एका धातूच्या दांड्याने ठरवायचं होतं. दांड्याच्या टोकावर टोपण, टोपणाला बारीक भोक, भोकातून प्रकाश आत जाऊन टोकावरून परतणार. टोपणावर प्रकाश परतू नये म्हणून काळा रंग दिलेला होता. तो एका जागी निघाला होता. परत आलेला प्रकाश दांड्याचा नव्हता, टोपणाचा होता. भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं.

पुढे सगळं अत्यंत काळजीपूर्वक पार पडलं. पट्टे सरळ येईपर्यंत आरसा घासला गेला, आणि तो अप्रतिम घासला गेला, पण चुकीच्या आकारात. त्याची कड सुमारे दोन मायक्रॉनने जास्त सपाट झाली. दुसऱ्या दोन साध्या तपासण्यांमध्ये गडबड दिसलीही होती. पण त्या कमी अचूक म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण आकाशात गेली, आणि तारे धूसर दिसू लागल्यावर चूक उघड झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला दुरुस्त करणारे आरसे बसवले. बारीक मोजणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत पाठ करावी असं मला मनापासून वाटतं. दोन मापं जुळत नसतील तर जास्त अचूक म्हणवणाऱ्या मापावर डोळे मिटून विश्वास टाकायचा नसतो, जुळत का नाहीत हे शोधायचं असतं.

(दृश्य : दृष्टिपटलाचा आडवा छेद. थरांवर थर.)

लेझरची आणखी एक अडचण आहे. त्याचे सगळे पट्टे एकसारखे दिसतात. मोजणी चालू असताना किरण क्षणभर अडला, की आपण कितव्या पट्ट्यावर होतो ते कळत नाही. इथे वेगळा प्रकाश कामी येतो, ज्यात अनेक तरंगलांबी मिसळलेल्या असतात. अशा प्रकाशाचे पट्टे दोन्ही वाटा काही मायक्रॉनांच्या आत समान असतील तरच उमटतात, एरवी पुसले जातात. पट्टे दिसले, म्हणजे वाटा समान झाल्या.

या गुणावर नेत्रतज्ज्ञांचं ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) यंत्र उभं आहे. १९९१ साली ही पद्धत प्रथम प्रसिद्ध झाली. डोळ्याच्या आतल्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. त्यातला कोणता किती खोलीवरून आला, हे संदर्भाच्या, म्हणजे लांबी माहीत असलेल्या, वाटेवरून आलेल्या प्रकाशाशी त्याची गाठ घालून ठरवतात. डोळ्याला स्पर्श न करता, काही सेकंदांत दृष्टिपटलाचे थर काही मायक्रॉनच्या बारकाईने मोजले जातात. कुठे सूज आली आहे, कुठे थर पातळ होतोय, हे रुग्णाला जाणवण्याआधीही दिसू शकतं.

(दृश्य : चार किलोमीटर लांब, काटकोनात जाणाऱ्या दोन नळ्या. वरून घेतलेलं चित्र.)

आणि मायकेलसन यांचीच मांडणी, चार किलोमीटर लांब हातांची. अमेरिकेत लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड इथे गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो या प्रकल्पाचे दोन इंटरफेरोमीटर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आधी लिव्हिंगस्टनला आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला एकाच आकाराची थरथर नोंदली गेली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना उठलेली ती गुरुत्वीय लहर होती. चार किलोमीटरच्या हाताची लांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पट लहान अंतराने बदलली होती. एकाच ठिकाणी असं काही दिसलं असतं तर त्यावर विश्वास ठेवणं अवघड गेलं असतं. दोन्हीकडे तोच आकार उमटला, म्हणून तो मानता आला.

इथे प्रश्न हादऱ्यांपाशी संपत नाही. तो प्रकाशाच्या स्वभावापर्यंत जातो. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन शिस्तीत येत नाहीत. एक मिलिवॉट लाल प्रकाशात सेकंदाला सुमारे ३,२०० लाख कोटी फोटॉन असतात, आणि ही संख्या आपोआपच सुमारे साडेपाच कोटींनी कमीजास्त होत राहते. ही खरखर उपकरणाची नाही. संवेदक निर्दोष असला तरी ती राहतेच. एकूण प्रकाशाच्या तुलनेत ती निम्मी करायची तर प्रकाश चौपट करावा लागतो. पण प्रकाश वाढवला की फोटॉनांच्या माऱ्याने चाळीस किलो वजनाचे, काचेच्या तंतूंवर टांगलेले आरसे स्वतःच थरथरू लागतात.

त्यावर लायगोत २०१९ पासून ‘दाबलेला’ प्रकाश वापरतात. त्याची फेजमधली अनिश्चितता कमी केलेली असते आणि त्या बदल्यात तीव्रतेतली वाढू दिलेली असते. गुरुत्वीय लहरीच्या उंच वारंवारतेवर हा सौदा फायद्याचा ठरतो. नीच वारंवारतेवर तो उलटतो, कारण तिथे तीव्रतेची अनिश्चितताच आरशांना ढकलत असते. म्हणून आता दाबलेला प्रकाश आधी तीनशे मीटर लांबीच्या एका पोकळीतून फिरवून आणतात. तिथे त्याचा सौदा वारंवारतेप्रमाणे बदलतो. नीच वारंवारतेला तीव्रता शांत, उंच वारंवारतेला फेज शांत. मे २०२३ पासूनची निरीक्षणं याच व्यवस्थेने चालू झाली.