फ्रिजमधली रेड वाइन पेल्यात येईपर्यंत

मंडळी, नमस्कार. रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते, असं तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. नाशिकमध्ये राहून हा नियम पाळू नका. ज्या युरोपातून तो आला, तिथल्या जुन्या घरांतल्या खोल्या १६ ते १८ अंशांवर असायच्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३८-४० अंशांवर जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचं तर दुपारी विचारूच नका. अशा उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या बाटलीतला ताज्या फळाचा वास जातो आणि वाइन शिजवल्यासारखी लागते. तेव्हा फ्रिज बरोबरच आहे.

बिघडतं ते पुढे. चार-पाच अंशांवरची बाटली काढतात, झाकण उघडतात, लगेच ओततात. पहिल्या घोटाला माणूस म्हणतो, ‘कडू आहे हो, आपल्याकडची रेड काही जमत नाही.’ हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत ज्या घडाला कुणीतरी जपलं, त्याचा निकाल त्या एका थंड घोटावर लागतो. रेड वाइनच्या द्राक्षांतली दिंडोरीकडची शिराझ असो की गंगापूर धरणाजवळची कॅबर्ने, तिला तासभर वेळ न देता नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

थंडीत नेमकं होतं काय? वाइनचा वास म्हणजे तिच्यातून हवेत उडणारी द्रव्यं. पाच अंशांवर ती फारशी उडतच नाहीत, त्यामुळे नाकाला काही मिळत नाही. दुसरीकडे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन थंडपणात जास्त बोचतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं. म्हणजे वास दबलेला आणि तुरटपणा वर आलेला. उलट वीस-बावीस अंशांच्या पुढे गेलात, तर अल्कोहोलचा भपका येतो आणि फळ त्याखाली झाकलं जातं. भरदार रेडला १६ ते १८ अंश, हलक्या रेडला १२ ते १४, एवढं धरून चाला.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाटली ओट्यावर काढून ठेवणं. उन्हाळ्यात साधारण तासाभरात ती पंधरा-सोळा अंशांपर्यंत येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र हा हिशेब चालत नाही. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत घरातली हवाच वाइनपेक्षा थोडीशी गरम असते. हवा आणि बाटली यांच्यातला फरक जितका कमी, तितकी उष्णता आत जायला वेळ जास्त. तेव्हा तीन-चार तास आधी काढा, नाहीतर पाण्याचा आधार घ्या.

पाण्याचा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी पटीने लवकर पोहोचवतं. खोल पातेल्यात किंवा बादलीत बाटलीच्या खांद्यापर्यंत पाणी घ्या, बाटली उभी ठेवा, अधूनमधून फिरवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पाणी मात्र २२ ते २५ अंशांचंच हवं, हाताला कोमट लागणारं नको. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की बाटलीच्या कडेची वाइन गरम आणि मधली गार, असं होतं. त्या दिवसांत माठातलं पाणी घ्या. कोरड्या हवेत पाझरून, वाळून ते बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार राहतं आणि बाटलीला हळूहळू हवं तिथे आणतं. नंतर ते झाडांना घाला, वाया घालवू नका.

घाई असेल तर काचेच्या रुंद जगमध्ये ओता. जगची काच खोलीच्या तापमानाची असते, ती लगेच थोडा गारवा ओढून घेते. शिवाय वाइन हवेला लागते, तेही तरुण रेडला मानवतं. पेल्याचंही तसंच. थोडीच ओतली आणि पेला दोन्ही तळहातांत धरला, तर काही मिनिटांत फरक कळतो.

गॅस, कडक ऊन, उकळतं पाणी, मायक्रोवेव्ह यांच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये वाइन एकसारखी तापत नाही, आणि बाटलीच्या तोंडाशी धातू असतो, तो तिथे ठिणग्या पाडू शकतो.

माझं ठाम मत असं, की भरदार रेड असेल तर चौदा-पंधरा अंशांवर थांबा. पुढचे दोन अंश पेल्यात आपोआप चढतात. जास्त तापलेली बाटली पुन्हा गार करत बसावं लागतं, आणि तोवर जेवण झालेलं असतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असेल तर पहिल्या एक-दोन बाटल्यांना तो पेल्यात बुडवून बघा; मग हाताला आपोआप कळू लागतं.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीच्या तळाशी कधी काचेसारखे खडे दिसतात. घाबरून बाटली फेकू नका. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे ते क्षार आहेत, थंडीत खाली बसतात आणि अपायकारक नसतात. शेवटचा भाग हलक्या हाताने ओतला की झालं.

उरलेली बाटली झाकण लावून परत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी बाटली बाहेर काढू नका. हवी तेवढीच पेल्यात ओतून तेवढ्याचाच गारवा उतरू द्या, म्हणजे बाकीची गारव्यातच राहील.