गालिच्याची पाठ

(दृश्य: कार्यालयाच्या जमिनीवरून उचललेला गालिच्याचा चौकोनी तुकडा. दोन हात तो उलटा करतात.)

गालिचा आपण नेहमी वरून पाहतो. त्याचा रंग, त्यावरची नक्षी आणि तळव्यांना जाणवणारी मऊ लव यांवरच दुकानात त्याचा भाव ठरतो आणि घरात त्याचे कौतुक होते. आज मात्र आपण तो उलटा करून पाहणार आहोत, कारण या लवेतला एकही धागा स्वतःच्या बळावर उभा नाही. त्या सगळ्या धाग्यांना धरून ठेवणारे एक पातळ अस्तर मधल्या थरात दडलेले असते. त्याचे वजन चौरस मीटरला साधारण १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जेमतेम दीडपट असते, आणि गालिच्याचे आयुष्य बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते.

हातमागावरच्या गालिच्यात हे अस्तर वेगळे नसते. विणकर उभ्या धाग्यांवर एकेक गाठ मारत जातो आणि आडव्या धाग्याने ती ठोकून बसवतो, त्यामुळे लव आणि पाठ एकाच वेळी जन्माला येतात. टफ्टेड गालिच्याची गोष्ट निराळी आहे. इथे अस्तर आधीच तयार असते. सुई धागा घेऊन त्याला भोक पाडते, पलीकडे धाग्याचा एक झुपका सोडते आणि परत फिरते. या पद्धतीत गाठ कुठेच नसते. म्हणून अस्तराकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते: सुई आत शिरताना तिला वाट द्यायची, आणि सुई निघून गेल्यावर धागा मात्र सोडायचा नाही. या मागणीला माणसांनी वेळोवेळी काय काय उत्तरे शोधली, हे या माहितीपटात आपण पाहू.

(दृश्य: पांढऱ्या सुती पलंगपोसावरचे जाड धाग्यांचे झुपके. त्यानंतर उकळत्या पाण्याचे भांडे.)

पहिले उत्तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डाल्टन या गावी एका स्वयंपाकघरातल्या भांड्यात सापडते. १८९५ मध्ये कॅथरीन एव्हान्स या पंधरा वर्षांच्या मुलीने जुन्या घरगुती कलाकुसरीचा एक नमुना पाहून पलंगपोस तयार केला. जाड सुती धागा कापडातून ओवायचा, वर टोके कापून झुपके मोकळे करायचे आणि मग संपूर्ण पलंगपोस पाण्यात उकळायचा, अशी ती रीत होती. उकळल्यावर कापड आटते आणि सुईने पाडलेली भोके धाग्याभोवती आवळली जातात. धाग्याला धरून ठेवण्याचे काम कापडाच्या आटण्यावर सोपवलेले होते, आणि ही युक्ती मला आजच्या कितीतरी यंत्रांपेक्षा देखणी वाटते. १९०० मध्ये कॅथरीन यांनी पहिला पलंगपोस अडीच डॉलरला विकला. पुढे शेजारपाजारच्या घरांतून बायका हे काम करू लागल्या, आणि डाल्टनजवळून जाणाऱ्या ४१ क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेला दोऱ्यांवर मोराच्या नक्षीचे पलंगपोस वाळत घातलेले, विक्रीला मांडलेले दिसू लागले.

१९३० च्या दशकात शिवणयंत्रांत फेरफार करून हेच काम यंत्राने होऊ लागले, आणि १९५० च्या सुमारास बारा फूट रुंदीचा संपूर्ण गालिचा एका दमात टोचणारी यंत्रे आली. एका इंचात दहा सुया धरल्या, तर बारा फुटांच्या यंत्रावर १,४४० सुया एका रांगेत खाली येतात आणि एकदम वर जातात. इंचाला दहा टाके पडले, तर एका चौरस इंचात १०० झुपके होतात आणि दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत ते १७ लाखांवर जातात. यंत्रावर गालिचा उपडाच तयार होतो. लव खालच्या बाजूला लोंबत असते, आणि कारागिराला वरून फक्त अस्तर आणि त्यावरचे टाक्यांचे ताठ दोर दिसतात. सतरा लाख भोके पाडलेले कापड पाण्यात उकळून आटवणे आता शक्य नव्हते. त्यामुळे पाठीवर रबराच्या जातीचे लॅटेक्स खडूच्या भुकटीसह माखायचे, त्यावर दुसरे कापड दाबायचे आणि सगळे भट्टीतून काढून वाळवायचे, ही पद्धत रूढ झाली. धागा धरण्याचे काम आता लॅटेक्सकडे गेले.

(दृश्य: तागाचे पेंढे. गोणपाटाचा गुंडाळा.)

अस्तर आणि पाठीवर दाबलेले ते दुसरे कापड, ही दोन्ही बरीच वर्षे तागाची होती. आपण ज्याला गोणपाट म्हणतो, त्याच कुळातले हे कापड बंगालच्या नद्यांच्या खोऱ्यातून जगभर जात होते. ताग स्वस्त, ताठ आणि लॅटेक्सला चांगला चिकटणारा होता, मात्र ओल लागली की तो आकसतो, कुजतो, आणि त्याचा तपकिरी डाग धाग्यांतून वर चढून फिक्या गालिच्याच्या माथ्यावर उमटतो. शिवाय सगळा पुरवठा एकाच प्रदेशातून येत असे. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात तो विस्कळीत झाला, तेव्हा अमेरिकी गालिचा उद्योगाला पर्यायाची निकड अधिकच जाणवली.

पर्याय तोवर बाजारात आलेला होता. १९५४ मध्ये इटलीत ज्युलिओ नाता यांच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून, त्या ताण्याबाण्यासारख्या, म्हणजे उभ्या-आडव्या विणून बनवलेले अस्तर १९६० च्या दशकापासून वापरात आले. सिमेंटच्या किंवा खताच्या पोत्याचे कापड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याची कल्पना येईल. ते कुजत नाही, आकसत नाही आणि वजनाला हलके असते. आजही टफ्टेड गालिच्यांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

(दृश्य: भिंगाखाली पट्ट्यांचे विणलेले कापड. सुई एका पट्टीच्या काठावर आदळून किंचित कलते.)

पण इथे जरा जवळून पाहा. सुई कधी पट्टीच्या मधोमध येते, कधी दोन पट्ट्यांच्या फटीत, तर कधी नेमकी काठावर. काठावर आली की ती बाजूला सरकते आणि झुपक्यांची ओळ केसभर वाकडी होते. आखूड लवेच्या, भौमितिक नक्षीच्या गालिच्यावर हा केसभर दोषही डोळ्यांना खुपतो. कापलेल्या कडेला पट्ट्या उसवतात. पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत असल्यामुळे त्यावर लॅटेक्सची पकड कमी बसते, आणि ते नेहमीच्या रंगांना दाद देत नाही, त्यामुळे रंगवलेल्या गालिच्याची लव फाकली की आतले फिके अस्तर डोकावते. यावरचा उपाय म्हणजे थर देण्याची सुरुवात होती. विणलेल्या पट्ट्यांवर नायलॉनच्या आखूड तंतूंचा विरळ थर अंथरून तो काटेरी सुयांनी आत टोचून बसवला गेला. हा थर गालिच्याबरोबर रंगतो, लॅटेक्सला खरखरीत पृष्ठभाग देतो आणि झुपक्याच्या मुळाशी दाटी करतो. आजीने जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने गोधडी एकजीव करावी, तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे दोरा वेगळा नाही. तंतूच तंतूंना बांधतात.

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेला तीनपदरी मास्क.)

यापुढचे पाऊल म्हणजे वीण पूर्णपणे सोडून देणे. न विणलेले कापड, म्हणजे नॉनवोव्हन, आपल्याला परके नाही. करोनाच्या काळात घराघरांत आलेल्या मास्कचा बाहेरचा पदर उजेडात धरून पाहिला, तर त्यात ताणाबाणा दिसत नाही. वेड्यावाकड्या पडलेल्या असंख्य बारीक तंतूंची जाळी आणि तिच्यावर उष्णतेने दाबलेले छोटे छोटे ठिपके दिसतात. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या सापडल्या, त्याही याच घराण्यातल्या. सोऱ्यातून शेव पाडावी, तसा वितळलेला पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकचा रस, बारीक छिद्रांतून सोडतात, हवेच्या झोताने किंवा रुळांनी तंतू ताणतात, सरकत्या पट्ट्यावर ते अस्ताव्यस्त पसरू देतात आणि मग उष्णतेने जोडतात. १९६० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने या पद्धतीने टायपार नावाचे पॉलिप्रॉपिलीनचे कापड आणले, ते गालिच्याचे अस्तर म्हणूनच.

यात सुईला फट किंवा काठ असा भेदच उरत नाही. ती कुठेही उतरली तरी तंतू बाजूला होतात, आणि ओळ सरळ राहते. पण जोड किती घट्ट असावेत, हा प्रश्न इथे फार नाजूक होतो. तंतू सगळीकडून पक्के चिकटले, तर सुई त्यांना सारू शकत नाही, ती त्यांना तोडते. मग टोचलेले अस्तर टपाल तिकिटांच्या पानासारखे भोकांच्या रेषेवर फाटते. जोड सैल ठेवले, तर यंत्रावर ओढ बसताच कापड लांबते आणि रुंदीत आकसते. म्हणून तंतूंवर घसरण देणाऱ्या द्रव्याचा सूक्ष्म लेप देतात, म्हणजे सुईच्या टोकापुढे तंतू तुटण्याऐवजी सरकतात.

(दृश्य: एका तंतूचा छेद. मध्ये गाभा, भोवती कवच.)

या पेचातून मार्ग काढणारी एक कल्पना मला फार मोलाची वाटते: थर कापडात न देता तंतूतच द्यायचा. नेदरलँड्समधील आर्नहेम या शहरातून आलेल्या कोलबॅक या अस्तरात प्रत्येक तंतूचा गाभा पॉलिस्टरचा आणि कवच नायलॉनचे असते. पॉलिस्टर २५५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तर कवचाचे नायलॉन ६ साधारण २२० अंशांना. या दोहोंमधल्या तापमानाच्या हवेतून जाळी गेली, की फक्त कवचे मऊ होऊन जिथे जिथे दोन तंतू एकमेकांना ओलांडतात तिथे ती जुळतात, आणि गाभा जसाच्या तसा मजबूत राहतो. चिक्कीत गूळ वितळून दाणे धरतो आणि दाणा मात्र अख्खाच राहतो, तसे हे आहे. कोलबॅक बनवणारी कोलबाँड कंपनी २००९ मध्ये लो अँड बोनार या समूहाने घेतली. हा समूह १९०३ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात सुरू झाला होता, आणि डंडी म्हणजे बंगालच्या तागावर उभे राहिलेले गिरणगाव. तागाच्या व्यापारात जन्मलेले नाव शतकभराने तागाची जागा घेणाऱ्या कापडावर आले. २०२० मध्ये हा समूह जर्मनीच्या फ्रॉयडेनबर्गकडे गेला.

एका थराला सगळी कामे जमत नाहीत, हे मान्य केल्यावर रचना आणखी पुढे गेली. अखंड तंतूंचा एक थर ओढ सोसतो. त्याला टोचून जोडलेला आखूड तंतूंचा थर झुपक्यांच्या मुळांना मिठी मारतो. कमी तापमानाला वितळणारे तंतू खालच्या अंगाला मिसळले, तर भट्टीत ते स्वतःच गोंदाचे काम करतात आणि लॅटेक्सचा भार कमी होतो. मोटारीच्या तळाचा गालिचा गरम करून साच्यात दाबला जातो, तेव्हा असे अस्तर सर्व दिशांना सारखे ताणले जाऊन खाचाखोचांत बसते. विणलेले कापड मात्र ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेत अडून राहते.

कार्यालयात अंथरले जाणारे, बहुधा ५० सेंटिमीटर बाजूचे गालिच्याचे चौकोन याच्या अगदी उलट मागणी करतात. त्यांनी तसूभरही हलता कामा नये. एकाचा कोपरा उचलला गेला, तर येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागते. म्हणून अस्तराच्या खाली, सुईच्या वाटेपासून दूर, काचतंतूंची पातळ जाळी बिट्युमेन (डांबरासारखा पदार्थ) किंवा पीव्हीसी या प्लास्टिकच्या थरात बुडवलेली असते. प्लास्टिक उन्हाने, वाफेने, वजनाने लांबते. काच जवळजवळ लांबत नाही.

(दृश्य: सुरुवातीचाच चौकोन. सुरी कडेतून थर वेगळे करू पाहते.)

इतक्या काळजीने एकमेकांना बांधलेले हे थर गालिचा जुना झाल्यावर वेगळे करायचे असतात, आणि तिथे हीच मजबुती आडवी येते. लवेचे नायलॉन, अस्तराचे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर, लॅटेक्स, खडू आणि काच यांचे वितळण्याचे तापमान आणि रसायन निरनिराळे आहे. एकत्र वितळवले तर हाती काहीच धड लागत नाही, आणि दळून वेगळे करण्याचा खर्च बहुतेक वेळा मिळणाऱ्या मालाच्या किमतीहून जास्त होतो. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून जुन्या गालिच्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्यामागचे मोठे कारण म्हणजे कचराभूमीत साचणारे हे गालिचे.

म्हणून आता लव, अस्तर आणि गोंद हे तिन्ही पॉलिस्टरचेच ठेवण्याचे, आणि लॅटेक्सऐवजी उष्णतेने पुन्हा सुटणारा गोंद वापरण्याचे प्रयत्न चालले आहेत. अशा तुकड्याची पाठ गरम केली की गोंद मऊ होतो आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. आपल्या हातातला चौकोन मात्र जुन्या पद्धतीचा आहे. सुरी कडेतून आत गेली, लव थोडी फाटली, खडूची भुकटी टेबलावर सांडली. अस्तर मात्र अजून एकही धागा सोडायला तयार नाही.