सगळे पास, तरी हवा नापास! भोसरी ते चाकण नक्की काय चाललंय?

नमस्कार मंडळी! आज आपण पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातल्या प्रदूषणाबद्दल बोलणार आहोत. मला मुद्दा एकच मांडायचाय आणि तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं त्याला जोडून ऐकता येईल. आपल्याकडे गाडी वेगळी तपासतात, कारखाना वेगळा तपासतात, नाल्याचं सॅम्पल वेगळं घेतात, आणि बऱ्याचदा हे सगळे आपापल्या जागी पास होतात. पण या सगळ्यांची बेरीज करून ती या जागेला झेपतेय का, हे रोजच्या कारभारात कुणी बघत नाही. आणि आपण श्वास मात्र त्या बेरजेतच घेतो.

(स्क्रीनवर नकाशा: पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण)

आधी हे शहर वाढलं कसं ते पटकन बघू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, आणि त्यांना पार्ट पुरवणारी शेकडो वर्कशॉप. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथे दहा लाख माणसं होती, २०११ मध्ये सव्वासतरा लाख. म्हणजे दहा वर्षांत सात लाखांची भर, आणि त्यानंतर तर जनगणनाच झालेली नाही, पण मोशी-चिखलीकडचे टॉवर बघितले की अंदाज येतोच.

आता या वाढीत एक गोष्ट अशी झाली की जिची फारशी चर्चा होत नाही. मोठे कारखाने हळूहळू बाहेर सरकले. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, चाकणचा प्लांट मोठा होत गेला, तिथे फोक्सवॅगन आली, महिंद्रा आली, मर्सिडीज आली. पण माणसं राहिली चिंचवडला, निगडीला, भोसरीला. कारण घर तिथे घेतलेलं, मुलांची शाळा तिथे. मग रोज हा सगळा कामगारवर्ग नाशिक हायवेने चाकणला जातो आणि परत येतो, त्याच रस्त्यावर पार्ट घेऊन जाणारे टेम्पो, नवीन गाड्या भरलेले ट्रेलर, कंटेनर, आणि नाशिकला जाणारी सगळी वाहतूक. ज्यांनी संध्याकाळी कंपनी सुटायच्या वेळेला चाकणच्या तळेगाव चौकात गाडी घातलीये त्यांना मी वेगळं काही सांगायची गरज नाही.

म्हणून वाहतुकीचं प्रदूषण वेगळं आणि कारखान्यांचं वेगळं असं जे आपण बोलतो ते मला पटत नाही. चाकणच्या चौकात अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रेलर हा वाहतुकीचा की कारखान्याचा? कंपनीच्या धुराड्याचा हिशोब कंपनीकडे लागतो, पण कंपनीसाठी दिवसभर ये-जा करणाऱ्या ट्रकचा हिशोब तिच्या कागदात दिसत नाही, तो सरळ शहराच्या खात्यावर पडतो.

आता गाड्यांचं बघू. आपण पीयूसी काढतो. पीयूसीत काय मोजतात माहितीये का? पेट्रोल गाडी असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, आणि डिझेल असेल तर धूर किती दाट आहे ते. बस. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, जे फुप्फुसाच्या अगदी आतपर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरू शकतात, ते पीयूसीत मोजत नाहीत. नायट्रोजन ऑक्साइडही मोजत नाहीत. म्हणजे गाडीतून बाहेर पडणाऱ्या ज्या गोष्टींची आज सगळ्यात जास्त काळजी करायला हवी, त्यांचं नावसुद्धा त्या सर्टिफिकेटवर नसतं.

बरं, कायदे कडक झालेच नाहीत असं मी म्हणत नाहीये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा, कडक नियम आला, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलीग्रॅमवरून साडेचार मिलीग्रॅमवर आली. हे खरंच मोठं काम झालं. पण ही मर्यादा एका गाडीला आहे आणि एका किलोमीटरला आहे. एकूण गाड्या किती असाव्यात याला मर्यादाच नाही. २०१८ मध्येच पुणे आरटीओकडे नोंदलेल्या गाड्यांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला होता, म्हणजे तेव्हाच पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त अशी बातमी झाली होती, आणि तो आकडा तिथून वाढतच गेलाय. शिवाय जुने ट्रक, जुने टेम्पो अजून रस्त्यावर आहेतच. आणि धूर सोडून दिला तरी टायर झिजतो, ब्रेक झिजतो, रस्त्यावरची धूळ उडते. पुण्याच्या हवेचा एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी अभ्यास केला होता, त्यात पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांमध्ये, सगळ्यात मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीचाच निघाला होता. आता ती धूळ कशी उडते? अवजड गाड्या, उखडलेले रस्ते, साइडपट्टीला पडलेली माती, उघड्या डंपरमधून सांडलेली खडी. इलेक्ट्रिक गाडी आली तरी ही धूळ कमी होणार नाही.

आता मोबाइलवरच्या आकड्याकडे येऊ, कारण इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय. तुम्ही ॲप उघडता, एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा) ९५ दिसतो, खाली लिहिलेलं असतं 'समाधानकारक'. आणि तुमचा घसा खवखवतोय. मग तुम्हाला वाटतं आपल्यालाच काहीतरी झालंय.

तर हा आकडा कसा बनतो? आपल्या देशात एक्यूआय २०१५ पासून आहे. त्यात आठ प्रदूषकं धरतात, प्रत्येकाचा वेगळा आकडा काढतात आणि त्यातला जो सगळ्यात वाईट असेल तो त्या दिवसाचा एक्यूआय. धूलिकणांसाठी हा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. म्हणजे संध्याकाळी सात ते दहा तुम्ही नाशिक फाट्याला जे खाल्लं, ते रात्री तीनच्या आणि दुपारच्या मोकळ्या हवेत मिसळून तुम्हाला दाखवतात. आकडा खोटा नाहीये, पण तो तुमच्या त्या तीन तासांचा नाहीये.

दुसरं म्हणजे पट्टी. पीएम २.५ एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपला एक्यूआय येतो १००, म्हणजे 'समाधानकारक'च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी जी पातळी सांगितली ती १५ आहे. चौपट! वर्षाच्या सरासरीचं बघाल तर आपली मर्यादा ४० आणि त्यांची ५. आता धुळीचा देश आहे, हवामान वेगळं आहे, हे मान्य, एकदम पाचवर कोणी येणार नाही. पण ज्या हवेला आपण हिरवा रंग देतो ती हवा दम्याच्या मुलाला, गरोदर बाईला, बायपास झालेल्या आजोबांना सुरक्षित आहे असा अर्थ कृपा करून काढू नका.

आणि तिसरं, यंत्र कुठे बसवलंय. यंत्राच्या आसपासची हवा यंत्र सांगतं. मोजणी केंद्रं शहरात मोजकीच आहेत, तुमच्या कंपनीच्या गेटवर, तुमच्या चौकात, तुमच्या मुलांच्या शाळेच्या कंपाउंडला ती नाहीत. चौकात आठ तास उभा असलेला वॉर्डन, रस्त्याला लागून चहाची टपरी चालवणारी ताई, कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला, यांची हवा त्या आकड्यात कुठेच नाहीये. गंमत नाही सांगत, फार वाईट वाटतं याचं, कारण हवेचा अंदाज देणारी 'सफर' ही यंत्रणा ज्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभी केली ती आपल्याच पाषाणला आहे. ज्ञान इथलंच आहे.

हिवाळ्यात हे सगळं वाढतं, ते का? रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर गरम हवेचा थर राहतो, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. वारा पडलेला असतो. मग धूर, धूळ, शेकोट्या, पेटवलेला कचरा, सगळं खालीच कोंडून राहतं. म्हणजे डिसेंबरमध्ये गाड्या आणि कारखाने तेवढेच असतात, पण त्यांना मिळणारी हवेची जागा कमी होते. जून-जुलैत हवा छान असते ती आपण काही केलं म्हणून नाही, पाऊस आणि वारा धुऊन नेतात म्हणून.

आता कारखाने. मोठ्या कंपन्यांकडे लोकांचं लक्ष असतं, त्यातल्या काहींच्या धुराड्याला ऑनलाइन मीटर असतात. भोसरीत किंवा तळवड्यात गेलात तर गाळ्यागाळ्यात जॉबवर्क चालतं: प्लेटिंग (पार्टवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवणं), पावडर कोटिंग, रबर, फाउंड्री, पेंटिंग. याच लोकांनी हा पट्टा उभा केलाय आणि मी त्यांना दोष द्यायला बसलेली नाहीये. मोठी कंपनी एका पार्टमागे पैसे कमी करत जाते आणि मग तो गाळेवाला ॲसिडच्या पाण्यावर प्रक्रिया करायचा खर्च कुठून करणार? स्वस्त पार्ट मिळतो, आणि उरलेली किंमत नाल्यात जाते. प्लेटिंगच्या पाण्यात क्रोमियम असतं, निकेल असतं. महापालिकेचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प माणसांच्या सांडपाण्यासाठी बांधलेला असतो, तो असले धातू नष्ट करू शकत नाही, ते एक तर पाण्याबरोबर पुढे जातात नाहीतर गाळात बसतात.

चिखलीजवळच्या कुदळवाडीचंच घ्या. वर्षानुवर्षं तिथे भंगाराची गोदामं होती, आगी लागायच्या, काळे लोट दिसायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं आणि शेड पाडली. धूर दिसायचा बंद झाला, आजूबाजूच्या लोकांना बरं वाटलं असणार. पण रोज हजारो गाड्या बनवणाऱ्या पट्ट्याचं भंगार काही बनायचं थांबलं नाही. ते कुठेतरी जातंय, कुठेतरी फुटतंय, आणि त्यासाठी नीट परवानगी असलेली, ड्रेनेज असलेली जागा करून दिली नाही तर पुढच्या गावाला तोच त्रास होणार.

नदीचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, देहूवरून, आळंदीवरून येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीत बंधाऱ्याखाली पांढरा फेस येतो त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. फेस येतो साबणासारख्या रसायनांमुळे, घरातल्या डिटर्जंटमधली आणि कारखान्यातली, आणि बंधाऱ्यावरून पाणी आपटलं की ते घुसळून वर येतं. म्हणजे फेस बंधाऱ्यापाशी दिसतो पण पाणी वरपासूनच तसं असतं.

इथेही बेरजेचाच घोळ बघा. नदीत सोडायच्या कारखान्याच्या सांडपाण्यासाठी बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मापाची, सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलीग्रॅम. आणि अंघोळीयोग्य नदीसाठी आहे ३. साधं गणित करा, ३० चं ३ व्हायला त्यात नऊ-दहापट स्वच्छ पाणी मिसळायला हवं. एप्रिल-मेमध्ये इंद्रायणीत किंवा पवनेत ते पाणी असतं का? म्हणजे उद्या प्रत्येक कारखाना अगदी प्रामाणिकपणे नियम पाळू लागला तरी उन्हाळ्यात नदी अंघोळीची होणार नाही. आणि आळंदीत आषाढी वारीला निघताना वारकरी माउलीच्या नावाने इंद्रायणीत डुबकी मारतात, तेच पाणी पुढे उजनीत जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं.

मग बेरीज करता येते का? येते, आणि केलेलीही आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी, जमीन मिळून एकच गुण दिला. ४३ पट्टे अतिप्रदूषित निघाले, त्यात आपले चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर होते, आणि २०१० मध्ये तिथे नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी थांबवली होती. पुढे ती बंदी उठत गेली हा भाग वेगळा, पण जागा भरली आता बास, असं सरकार म्हणू शकतं हे तेव्हा दिसलं.

त्याहून चांगलं उदाहरण सुरतचं आहे. तिथे कापड प्रक्रियेचे कोळसा जाळणारे कारखाने खूप. २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथे काय केलं, तर सगळ्या कारखान्यांची मिळून धूलिकणांची एक एकूण मर्यादा ठरवली, धुराड्यांना सतत मोजणारे मीटर लावले, आणि ज्याने कमी धूर सोडला तो आपला उरलेला वाटा दुसऱ्याला विकू शकतो अशी सोय केली. धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले आणि कारखाने चालूच राहिले. हे परदेशातलं नाहीये, इथून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचाल.

आपल्याकडे काय मागायचं मग? मला विचाराल तर सगळ्यात आधी बस. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून पीएमपीच्या दोन हजारांच्या आसपास बस आहेत आणि लोकसंख्या कुठल्या कुठे गेलीये. मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली, चांगलीच झाली, पण ती चाकणला जात नाही. शिफ्टच्या वेळेला निगडी, भोसरी, मोशीहून चाकणला दर दहा मिनिटांनी बस मिळाली आणि त्या बसला स्वतःची लेन मिळाली तर बाइकवाला पोरगा खुशाल बाइक घरी ठेवेल, त्याला काय हौस नाहीये पावसात कंटेनरच्या मागून जायची. दुसरं, एमआयडीसीच्या गेटजवळ आणि चौकात हवा मोजायची यंत्रं, आणि त्यांचा आकडा तासातासाचा. तिसरं, गाळेवाल्यांचं सांडपाणी गोळा करून प्रक्रिया करणारी सामायिक सोय, आणि तिच्या खर्चात त्या मोठ्या कंपन्यांचा वाटा ज्यांचे पार्ट तिथे बनतात.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या भागात वास किंवा धूर जास्त कधी येतो ते कमेंटमध्ये लिहा. जागा लिहा, वार आणि वेळ लिहा, वारा कुठून येत होता ते जमलं तर लिहा, आणि वास कसला होता तेही लिहा, रबर जळल्यासारखा, ॲसिडसारखा, थिनरसारखा, जसा आला तसा. कंपनीचं नाव टाकू नका, खात्री नसताना कुणावर आरोप नको. हे सगळं मी एका नकाशावर भरणार आहे आणि तो नकाशा महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ दोघांकडे लेखी अर्जासोबत देणार आहे. अर्जाची पोच मिळाली की ती पुढच्या व्हिडिओत दाखवते.