पावसाळे चढवताना

[पडद्यावर संगणकात उभी केलेली चार मजली चाळ. नुसता करडा आकार, मग रंग.]

गिरगावातल्या जुन्या चाळींवरून बेतलेलं हे मॉडेल. मापं बरोबर आहेत. लाकडी कठडे, मंगलोरी कौलं, जिन्याची वळणं, सगळं जागच्या जागी. पिवळट गिलाव्याचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं सपाट चित्र, चढवलंय, ऊनही सोडलंय. तरी डोळा फसत नाही, कारण या इमारतीनं अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही.

सपाट चित्र त्रिमितीतल्या आकारावर गुंडाळायची युक्ती संगणकशास्त्रज्ञ एड कॅटमल यांनी १९७४ च्या प्रबंधात मांडली. पण चित्र छोटं आणि भिंत मोठी. फरशा जोडाव्यात तसं तेच चित्र शेजारी शेजारी लावायचं, आणि मग तोच पोपडा, तीच भेग दर दोन मीटरवर पुन्हा दिसते. 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटासाठी काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकी चित्रांचा हा यांत्रिक गुळगुळीतपणा खटकला. त्यांनी गणितातून नियंत्रित अनियमितपणा तयार केला. तो 'पर्लिन नॉइज' आजही त्रिमिती चित्रांच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे.

पण भिंतीवरचा मळ नुसता अनियमित नसतो. तो कुठून तरी आलेला असतो.

[दगडी पुतळ्यावरून ओघळणारे थेंब.]

ज्युली डॉर्सी यांचं शिक्षण वास्तुकलेचं. १९९६ मध्ये त्यांनी हान्स पेडरसन आणि पॅट हॅनरॅहन यांच्याबरोबर एक वेगळाच प्रयोग मांडला. डाग रंगवायचेच नाहीत. मॉडेलवर पाण्याचे हजारो आभासी थेंब सोडायचे. थेंब उतारानं वाहतो, वाटेत धूळ विरघळवतो, सच्छिद्र दगड थोडं पाणी पिऊन टाकतो, आणि थेंब आटला की बरोबरचा मळ तिथेच राहतो. खिडकीखाली ओघळ उमटतात ते या हिशोबातून.

आज फार थोडे कलाकार थेंब सोडत बसतात. आकारावरून दोन नकाशे काढले जातात: एक कडा आणि खोबणी दाखवणारा, दुसरा उजेड कुठे पोचत नाही ते सांगणारा. कडांवर झीज, खोबणीत धूळ. परिणाम कुठे लावायचा आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या अशा नकाशाला मास्क म्हणतात, आणि सबस्टन्स पेंटरसारख्या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मास्क तयारच मिळतात. काम झटपट होतं, आणि हमखास चुकतंही. जिन्याच्या कोपऱ्यावरचा रंग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांनी उडतो, हे खरं. पण चौथ्या मजल्यावरच्या बाहेरच्या पट्टीला कोणाचा खांदा लागणार? मास्कला ते कळत नाही. तो दोन्हीकडची कड सारखीच झिजवतो.

[डाव्या अर्ध्यात लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल, उजव्या अर्ध्यात मुंबईतली भिंत.]

त्याहून मोठी गफलत हवामानाची. सेंट पॉल्स पोर्टलंडच्या चुनखडीत बांधलंय. कोळशाच्या धुरातल्या गंधकानं या दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम झालं आणि त्यात काजळी अडकली. जिथे पाऊस थेट लागला, तिथला थर धुऊन गेला आणि दगड पांढरा राहिला. काळे पडले ते आडोशाचे भाग.

मुंबईत पुष्कळदा नेमकं उलटं दिसतं. इथे छज्ज्याच्या आडोशाचा गिलावा मूळ रंग धरून असतो, आणि काळी पडते ती पावसात भिजणारी भिंत. कारण हा काळेपणा बराचसा जिवंत आहे. शेवाळ आणि त्याच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव ओल मिळेल तिथे पसरतात. उन्हाळ्यात ते वाळून काळे दिसतात, पावसात त्यांच्यात हिरवी झाक येते. युरोपात बेतलेला मास्क गिरगावात लावायचा, तर आधी उलटा करावा लागतो.

म्हणून या चाळीला आधी दिशा दिली. पाऊस नैऋत्येकडून येतो, तेव्हा समुद्राकडची भिंत जास्त काळी, पूर्वेकडची कमी. पन्हळ जिथे फुटलंय, तिथून खाली एक रुंद पट्टा. जमिनीलगत ओल वर चढलेली, तिथे लोणा आणि फुगलेले पोपडे. मागाहून बांधलेल्या काँक्रीटच्या संडासांत सळया गंजल्यात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीटचे तुकडे सुटतात आणि तपकिरी ओघळ सळईच्या रेषेतच उतरतात.

रंगाइतकाच चकाकीचा नकाशा महत्त्वाचा. ओला गिलावा गडद दिसतो आणि चमकतोही. फक्त गडद केला, तर तो भिजलेला न वाटता मळका वाटतो. टेक्स्चरसाठी खऱ्या भिंतींचे फोटो घेतानाही ओलीचीच पंचाईत. सावली नको म्हणून ढगाळ दिवस हवा, आणि मुंबईत ढग भरून येतात तेव्हा नेमकी भिंत भिजलेली असते.

[दुसऱ्या मजल्यावरची एक खोली जवळून.]

आता राहिली माणसं. या बिऱ्हाडानं आपल्यापुरती भिंत निळी रंगवून घेतलीय, ती शेजाऱ्याच्या दारापाशी सरळ रेषेत संपते. खिडकीत एसी आहे, त्याची नळी बाहेर लोंबतेय. त्यामुळे तिच्याखाली भर मे महिन्यातही हिरवा ओघळ हवा, आणि तो खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर पडून दोन्ही बाजूंना फुटायला हवा. खालच्यांनी त्यावरून भांडून नळी वळवून घेतली असेल, तर जुना ओघळ वाळलेला, काळा, आणि हातभर अंतरावर नवा.

कलाकार नळी वळवून पाहतोय.