मालक गेल्यावर दुकानाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

किराणा, हार्डवेअर, पिठाची गिरणी, शिवणकाम अशा एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाचं निधन झालं, की घरी लगेच फोन सुरू होतात. घाऊक व्यापारी, बँक, जागेचा मालक, सगळ्यांनाच कुणाची तरी सही हवी असते. घरच्यांनी त्या दिवसांत कशावर सही करावी आणि कशावर करू नये, ते आज सांगतो.

पाटीवर ‘अमुक ट्रेडर्स’ लिहिलेलं असलं, तरी कायद्याच्या लेखी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, हा तो माणूसच. चालू खातं, जीएसटी नंबर, परवाने सगळं त्याच्या पॅनवर. म्हणून वडिलांनी सही करून ठेवलेले कोरे चेक वटवणं, त्यांच्या मोबाइलवरून यूपीआय करणं, जुन्याच बिलबुकावर विक्री चालू ठेवणं हे सगळं थांबवा. हेतू चांगला असतो, मान्य. पण उद्या एखाद्या वारसाने हिशेब मागितला, तर हेच व्यवहार अंगाशी येतात.

धंदा पुढे चालवायचा असेल, तर वारसाने आपल्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्यायची. अर्ज तीस दिवसांत करायचा आणि नोंदणीचं कारण म्हणून मालकाचा मृत्यू नमूद करायचा. जुन्या नोंदणीवर काम करण्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जीएसटी अधिकाऱ्याकडे देऊन स्वतःचं नाव अधिकृत सहीदार म्हणून घालून घ्या. दुकानात माल पडून असतो, त्याच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वळती होणारी रक्कम, जुन्या नंबरवर शिल्लक असतं. ते नव्या नंबरवर आणण्यासाठी आयटीसी-०२ हा फॉर्म आहे, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. तो भरायचा आधी, जुना नंबर रद्द करण्याचा अर्ज नंतर. क्रम उलटा झाला की क्रेडिट अडकतं.

पण त्याआधी जुनी थकबाकी तपासा. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसावर जुना कर, व्याज आणि दंडही येतो. धंदा बंद केला, तर जबाबदारी मृताच्या मालमत्तेपुरतीच राहते. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक भावनेच्या भरात दुकान अंगावर घेतात.

कर्जाचंही तसंच आहे. वडिलांचं देणं मुलाने स्वतःच्या पगारातून फेडलंच पाहिजे, असा कायदा नाही; वारसाहक्काने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच देणं. मात्र पत्नीने बँकेच्या कागदावर जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली असेल, तर ती वारस म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने देणेकरी आहे. म्हणून मूळ कर्जाचे कागद मागून घ्या आणि सही कुठे, कोणत्या नात्याने आहे ते बघा. व्यापारी मृताचा चेक दाखवून ‘चेक बाउन्सची केस टाकतो’ म्हणाला, तर घाबरू नका. तो फौजदारी खटला चेकवर सही करणाऱ्यावर असतो, वारसांवर चालत नाही. पैसे मागायचे तर त्याला दिवाणी दावा लावावा लागेल. मात्र अशा दबावाखाली मुलाने आपल्या खात्याचा नवा चेक दिला, की पुढची जबाबदारी त्याचीच.

आता नॉमिनी. बँक नॉमिनीला पैसे देते, पण म्हणून तो मालक होत नाही; त्याने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचे समान वाटे. आईचा वाटा हमखास विसरला जातो, आणि लग्न झालेल्या मुलीचा ‘तिला दिलंय सगळं’ म्हणून टाळला जातो. गाळा स्वतःचा असेल आणि बहिणीला हक्क सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. साध्या कागदावरची सही पुढे गाळा विकताना कामाची नाही.

भाड्याच्या गाळ्यात दोन प्रकार पडतात. जुनी भाडेदारी असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मृत भाडेकरूबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाला आधी हक्क मिळतो, तसं कुणी नसेल तर वारसाला. त्यामुळे मुलगा किंवा पत्नी दुकानात बसत होती याचा पुरावा जपा. लिव्ह अँड लायसन्सवर जागा असेल, तर ती परवानगी त्या माणसापुरती; नवा करार करून घ्यावा लागतो. खाद्यपदार्थांचा धंदा असेल, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना वारसाला सुरुवातीला नव्वद दिवस वापरता येतो, तेवढ्यात नावावर करून घ्या.

राहिली उधारी. माल दिल्यापासून तीन वर्षांत वसुलीचा दावा लावला नाही, तर कोर्टाचा रस्ता बंद होतो. मुदत संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. मृताच्या नावची उधारी कोर्टातून वसूल करायची, तर वारसांना दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्याला महिने जातात. तोवर वही काढा, जुन्यात जुन्या बाकीपासून सुरुवात करा आणि तारीख घालून सह्या घ्या.